वाफेवरचा गहू

बंगळूरच्या जुन्या पेठेत पायी हिंडण्याची सवय ज्याला आहे त्याला, हे शहर आपल्या धान्यांची नावे किती निष्ठेने जपून आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने मातीच्या कोटाच्या आत वसवलेल्या या पेठेत तांदळाची अक्कीपेट आहे, नाचणीची रागीपेट आहे, घाऊक व्यापाराच्या जुनी आणि नवी अशा दोन तरगुपेटा आहेत, कापसाची अरळेपेट आहे. गव्हाच्या नावाची पेठ मात्र इतक्या वर्षांच्या हिंडण्यात माझ्या पाहण्यात आली नाही. आणि तरीही भल्या सकाळी याच पेठेतल्या कोणत्याही उपाहारगृहासमोर उभे राहावे, तर ज्या बशा एकामागून एक बाहेर येत असतात त्यांत उप्पिट्टु असते, केसरीभात असतो, रवा इडली असते, आणि कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतून खाऱ्या बनचा वास रस्ताभर पसरलेला असतो. ज्या धान्याला या शहराने आपल्या नकाशात जागा दिली नाही त्याला त्याने आपल्या न्याहारीत इतके मानाचे पान कसे दिले, या प्रश्नाने मला प्रथम पछाडले आणि त्याचा माग काढीत मी बंगळूरहून बळ्ळारीच्या टेकड्यांपर्यंत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत आणि ग्रंथांच्या साहाय्याने थेट तैग्रिस-युफ्रेटिसच्या उगमाकडील डोंगरांपर्यंत जाऊन पोहोचलो.

माझे बालपण सांगलीकडे गेले. आमच्या घरी गहू म्हणजे उन्हाळ्यात अंगणात पसरलेले पिवळे धन: बायकांनी सूप घेऊन ते पाखडायचे, निवडायचे, चार दिवस ऊन द्यायचे, आणि कडुनिंबाचा पाला घालून वर्षाच्या बेगमीला कणगीत भरायचे. दाणा घरात यायचा तो अखंड, आणि गिरणीतून परतायचा तो पीठ होऊन. बंगळूरला बिऱ्हाड केल्यावर गांधीबाजारातल्या एका दुकानी मी पहिल्यांदा गहू मागितला, तेव्हा दुकानदाराने नम्रपणे विचारले, ‘कशासाठी हवा?’ आणि माझ्यासमोर एकामागून एक डबे उघडले: बारीक चिरोटी रवा, मध्यम रवा, जाड रवा, बन्सी रवा, आणि भरडलेल्या गव्हाची नुच्चु. पीठही होते, पण ते मागच्या फळीवर. चिरोटी रवा हे नाव कानावर पडताच आमच्या दिवाळीच्या ताटातला, साटा लावून लाटलेला, तुपात पदर सुटलेला चिरोटा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि दोन मुलखांनी एकच शब्द एकाच पदार्थासाठी किती सहजपणे वाटून घेतला आहे याचा आनंदही झाला. परंतु त्या डब्यांच्या रांगेने मला आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्याकडे गहू दळला जातो. इकडे तो फोडला जातो. दळलेल्याची पोळी होते, फोडलेल्याला शिजवावे लागते. या एवढ्याशा भेदात एक फार जुनी हकीकत दडलेली आहे.

ती सांगण्यापूर्वी एक ओंबी हातात घेतली पाहिजे. चिकोडीकडच्या एका स्नेह्याने मागल्या हंगामात मला दोन प्रकारच्या ओंब्यांची एकेक जुडी पाठविली: एक नेहमीच्या लोकवन गव्हाची आणि दुसरी खपलीची, जिला कर्नाटकात जवे गोधी म्हणतात. लोकवनची ओंबी मी तळहातांत धरून चोळली, हलकेच फुंकर मारली. कूस आणि भुसा उडून गेला आणि तळव्यावर नागडे, टपोरे दाणे राहिले. मग खपलीची ओंबी चोळली. तिचे दाणे सुटेनात. ओंबी मणक्यामणक्याने तुटली, प्रत्येक तुकड्यात दोन दोन दाणे, आणि त्यांच्यावर जखमेवरच्या खपलीसारखे घट्ट बसलेले चिवट टरफल. मराठी शेतकऱ्याने या गव्हाला नाव देताना जे पाहिले तेच माझ्या तळव्यावर होते. हा दाणा मोकळा करायचा तर पाण्याचा हात लावून उखळात सडावा लागतो, मग पाखडावा लागतो, आणि हे काम ज्या घरात रोज होत असेल त्या घराच्या दिनचर्येवर त्या टरफलाची सत्ता चालल्याशिवाय राहणार नाही. मानवाने प्रथम पेरलेल्या गव्हांपैकी एक तो हाच. दहा हजार वर्षांचे अंतर ओलांडून आलेली वस्तू आपण किराणा दुकानात तोलून घेतो, याचे भान आपल्याला क्वचितच असते.

या गव्हाचा रानटी पूर्वज आजही जिवंत आहे. १९०६ साली अॅरन अॅरनसोन नावाच्या कृषिशास्त्रज्ञाला गॅलिली प्रांतातील रोश पिना या गावी खडकांच्या फटीत तो उगवलेला आढळला, तेव्हा विद्वानांत केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करता येते. रानटी ओंबी पाहायला खपलीसारखीच; अंतर एकच, पण ते अंतर म्हणजेच शेतीचा इतिहास आहे. पिकली की रानटी ओंबी आपण होऊन गळते. तिचा प्रत्येक तुकडा बाणाच्या टोकासारखा असतो. त्याची दोन लांब कुसे दिवसाच्या कोरड्या हवेत आणि रात्रीच्या दमट हवेत आळीपाळीने फाकत-मिटत राहतात आणि त्या हालचालीने बी मातीत खोल रुतत जाते. वनस्पतीच्या दृष्टीने ही योजना सर्वांगसुंदर. दाणे वेचणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र मोठी अडचण, कारण पिकण्याच्या आधी आले तर दाणा हिरवा, आणि दोन दिवस उशीर झाला तर सारे जमिनीवर.

असे असूनही माणूस हा दाणा शेतीच्या कितीतरी आधीपासून खात होता. गॅलिलीच्या सरोवराचे पाणी १९८९ साली ओसरले तेव्हा ओहालो येथे सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांचे जळके अवशेष उघडे पडले. त्यांत रानटी जव होते, रानटी गहू होता, आणि दाणे वाटल्याच्या खुणा बाळगणारा एक दगडही होता. जॉर्डनच्या ईशान्य भागातील शुबायका येथल्या चुलीतून सापडलेले कोळशासारखे तुकडे २०१८ साली तपासले गेले, तेव्हा ते सुमारे चौदा हजार चारशे वर्षांपूर्वीच्या भाकरीचे निघाले. शेती सुरू होण्यास तेव्हा अजून चार हजार वर्षे अवकाश होता. आपण समजतो की माणसाने आधी नांगरले आणि मग भाजले. वस्तुतः भाकरीची चव आधी लागली आणि तिच्या ओढीने पुढे शेत आले, असे मानण्यास या चुलीने मोठा आधार दिला आहे. रानटी गहू वेचणे काही निष्फळ कष्टाचे काम नव्हते, हेही एका संशोधकाने स्वतःच्या हातांनी सिद्ध करून दाखविले. जॅक हार्लन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने आग्नेय तुर्कस्तानात काराजादाग डोंगराच्या परिसरात गारगोटीच्या पात्याचा विळा घेऊन रानटी गहू कापला आणि १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात आपला हिशेब मांडला: तासाला किलोभराहून अधिक स्वच्छ दाणा, आणि एका कुटुंबाने तीन आठवडे नेटाने काम केले तर वर्षभर पुरून उरेल इतकी बेगमी. याच काराजादागच्या उतारांवरील रानटी गहू हा, ज्याच्या एका टरफलात एकच दाणा असतो त्या आद्य लागवडीच्या गव्हाचा सर्वांत निकटचा आप्त होय, असे १९९७ साली जनुकांच्या तुलनेवरून दाखवून देण्यात आले.

मग रानटी ओंबीची गळण्याची खोड मोडली कशी? कोणा ऋषितुल्य पुरुषाने एके दिवशी बी निवडले असे घडले नाही. हजारांत एखाद्या ताटाचा मणका निसर्गाच्या चुकीने चिवट असतो. रानात अशा ताटाचा वंश खुंटतो, कारण त्याचे बी मातीत पडतच नाही. परंतु माणूस जेव्हा विळ्याने कापून, पेंढ्या बांधून घरी नेतो, तेव्हा गळणारे दाणे शेतात राहतात आणि न गळणारे त्याच्याबरोबर जातात. आणि पुढच्या वर्षी तो जे पेरतो ते घरी नेलेल्यांतलेच असते. हे परिवर्तन एकदोन शतकांत पुरे झाले असावे असे पूर्वी गणित करून सांगितले जाई. प्रत्यक्ष उत्खननातून निघालेल्या ओंब्यांचे तुटलेले सांधे मोजले तेव्हा ते दोन-तीन हजार वर्षे रेंगाळत चालले होते असे आढळले. ही दिरंगाई मला फार हृद्य वाटते. शंभर पिढ्यांनी, आपण काही घडवीत आहोत याची कल्पनाही नसताना, नातवंडांच्या नातवंडांसाठी एक झाड घडविले. आणि त्या झाडाने आपली स्वतंत्रपणे जगण्याची शक्ती माणसाच्या हवाली केली. आजचा गहू माणसाच्या हातावाचून पेरला जात नाही, आणि अर्ध्या जगाचे पोट त्याच्यावाचून भरत नाही.

ज्या गव्हाची आपण पोळी करतो त्याची कथा तर याहून अद्‌भुत आहे, कारण तो रानात कधी नव्हताच. खपलीच्या पेशीत अठ्ठावीस गुणसूत्रे असतात. खपलीची शेती पसरत पसरत कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेशात पोहोचली, तेव्हा शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एका क्षुद्र गवताशी तिचा संकर झाला. त्या गवताची चौदा गुणसूत्रे मिळाली आणि बेचाळीस गुणसूत्रांचा एक नवा गहू जन्माला आला, जो थंडी अधिक सोसतो आणि ज्याची कणीक ताणली असता तुटत नाही. म्हणजे फुलक्याला फुगण्याची विद्या एका तणाने दिली. २०१८ साली या गव्हाच्या संपूर्ण जनुकसंहितेचे वाचन प्रसिद्ध झाले. ती मानवाच्या संहितेच्या पाचपटीहून मोठी भरली आणि तीत एक लाख सात हजारांहून अधिक जनुके मोजली गेली.

आता पूर्वेकडे वळू. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ येथे झाँ-फ्रान्स्वा जारिज यांच्या फ्रेंच पथकाने १९७४ पासून उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सात हजारच्या सुमाराची वस्ती उजेडात आणली. तेथे जवाचे प्रमाण फार मोठे आणि गहू त्याच्या सोबतीला. तेथून सिंधूच्या खोऱ्यात या जोडीने जो अंमल बसविला तो आजतागायत उठलेला नाही. परंतु ही दोन्ही पिके हिवाळ्याची. त्यांना थंड रात्री हव्यात आणि ओल धरून ठेवणारी जमीन हवी. म्हणून दक्षिणेकडे येताना गव्हाची पावले जड होत गेली. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत बोलका मुक्काम म्हणजे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि अन्सारी या विद्वानांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे या एका पांढरीच्या टेकाडाची माती चाळली आणि ताम्रपाषाणयुगातले एक समग्र गाव उभे केले: इसवी सनापूर्वी १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले, शंभराहून अधिक घरांचे. त्या गावचे मुख्य धान्य जव होते, गव्हाचे दाणे थोडे. नदीचे पाणी वळवून आणणारा पाट आणि त्याला बांध होता. धान्य साठवायला जमिनीत खोदलेली, चुन्याने लिंपलेली पेवे होती. पुढे हवामान कोरडे होत गेले, आणि इसवी सनापूर्वी हजारनंतरच्या थरांत चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात, शेती आखडते, शिकार वाढते. गव्हाच्या शेतीवर दक्षिणेत पडलेले ते पहिले मोठे संकट असावे. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावची खापरे पाहताना, एका चोचीच्या भांड्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. आपल्याच जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी तीन हजार वर्षांपूर्वी, पाऊस का रुसला हे न कळता, आपली घरे लहान केली. ही गोष्ट कोणत्याही राजवंशाच्या पतनापेक्षा मला अधिक जवळची वाटते.

इनामगावच्याही दक्षिणेला, बळ्ळारीजवळ सांगनकल्लु येथे काळ्या-तांबूस शिळांच्या टेकड्या आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या मुलखातील पाषाणयुगीन वस्त्यांकडे जगाचे लक्ष वेधले, आणि अलीकडच्या काळात धारवाडच्या कर्नाटक विश्वविद्यालयाचे रवी कोरिशेट्टर आणि लंडनचे डोरियन फुलर यांनी तेथील माती पाण्यात निवळून तिच्यातला जळका दाणा न् दाणा वेचला. पौषातल्या एका सकाळी मी त्या टेकडीवर चढलो. शिळांवर ठिकठिकाणी वीतभर लांबीचे, आरशासारखे गुळगुळीत खळगे आहेत. तेथे दगडी कुऱ्हाडी घासल्या गेल्या. एका खळग्यात मी बोटे फिरविली. कडा खरखरीत, तळ मात्र लोण्यासारखा. ज्यांनी हे खळगे घडविले ते काय खात होते? आधी ना तांदूळ, ना रागी, ना गहू. त्यांची धान्ये येथलीच होती: कन्नडमध्ये जिला कोरले म्हणतात ती बारीक भरडधान्याची जात, तिच्यासारखेच आणखी एक रानटी वळणाचे तृणधान्य, आणि जोडीला मूग व हुलगे. कोरले आजही तुमकूर-चित्रदुर्गाकडे पिकते आणि बंगळूरच्या दुकानांत मिळते. दक्षिणेने आपली शेती कोणाकडून उसनी घेतली नाही. ती येथे, याच शिळांच्या सावलीत, स्वतंत्रपणे सुरू झाली, हे फुलर यांच्या कार्याने प्रकाशात आले आणि त्याचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. गहू आणि जव येथे आले ते मागाहून, इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभाच्या सुमारास, आणि तेही पाहुण्यासारखे, थोड्या संख्येने. तुंगभद्रेच्या काठच्या हळ्ळूरलाही ते सापडले. २००५ साली लिहिलेल्या एका निबंधात फुलर यांनी असे सुचविले की हे परके धान्य आणि नव्या घाटाची भांडी यांचे आगमन एकमेकांशी निगडित असावे. म्हणजे पोट भरण्यासाठी नव्हे, तर काहीतरी निराळे, प्रसंगविशेषी रांधण्यासाठी दक्षिणेने गहू पत्करला.

येथे मला गांधीबाजारातले ते डबे आठवले. गव्हाच्या जन्मभूमीत शेती आधी आली आणि मडके दोन-तीन हजार वर्षांनी. तेथला आद्य शेतकरी दाणा वाटून, निखाऱ्यावर आणि पुढे भट्टीत भाजून खात असे. याच्या उलट दक्षिण भारतातल्या आद्य शेतकऱ्याजवळ आरंभापासून मडके होते, आणि कोरले काय, हुलगे काय, मूग काय, सारे शिजविण्याचे पदार्थ. फुलर आणि मायकेल रोलंड्स यांनी पश्चिमेची भाजण्याची आणि पूर्व आशियाची उकडण्या-वाफविण्याची अशा दोन प्राचीन पाकपरंपरा मानल्या आहेत. तेच सूत्र दक्षिणेच्या चुलीला लावून पाहण्याचे धाडस मात्र माझे. गहू येथे आला तेव्हा त्याची भट्टी त्याच्याबरोबर आली नाही. येथे चुलीवर मडके आधीच चढलेले होते, त्यात पाणी आधीच उकळत होते, आणि पाहुण्याला त्या पाण्यात उतरावे लागले. बंगळूर हे नावच मुळी ‘बेंद काळु’ म्हणजे शिजलेल्या दाण्यांवरून, अर्थात घेवड्या-पावट्यासारख्या शिजलेल्या कडधान्यावरून पडले, अशी जी होयसळ राजा वीरबल्लाळाची आणि त्याला मूठभर उसळ देणाऱ्या म्हातारीची आख्यायिका सांगतात, ती इतिहास नव्हे; बेगूरच्या नवव्या शतकातील शिलालेखात हे नाव वीरबल्लाळाच्या आधीच कोरलेले आहे. पण ज्या लोकांनी ही आख्यायिका रचली त्यांना आपल्या शहराच्या मुळाशी भट्टी नव्हे, भाकरी नव्हे, तर शिजलेला दाणाच असावा असे वाटले, एवढे त्यातून खचित कळते.

नावाचीही साक्ष पाहण्यासारखी आहे. अक्की, रागी, जोळ हे कानडीचे स्वतःचे शब्द. गव्हाला मात्र कानडीत गोधी, तमिळमध्ये गोदुमै, आणि आपल्याकडे गहू, सारे संस्कृत गोधूमापासून आलेले. ऋग्वेदात यव आहे, गोधूम नाही. तो यजुर्वेदात अवतरतो, आणि बंगळूरच्या देवळांतून आजही अभिषेकाच्या वेळी जो चमक म्हटला जातो त्यातील धान्यांच्या मालिकेत त्याचे नाव आहे. फारसीतील गंदुम या शब्दाशी त्याचे साम्य कोणालाही जाणवेल. गो आणि धूम हा विग्रह मागाहून चिकटविलेला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. धान्य वायव्येकडून आले आणि आपले नाव बरोबर घेऊन आले.

दक्षिणेत गव्हाला भाजण्याची विद्या अगदीच मिळाली नाही असे नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात मंडकाची कृती आहे: गहू धुऊन, वाळवून, दळून, चाळून, मळलेल्या कणकेचा गोळा हातांवरच फिरवून पातळ करायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर टाकायचा. हे आपले मांडे, आणि बेळगावची मांडिगेही तेच. पण खापर पालथे घालणे हाच त्यातला बारकावा आहे. दक्षिणेने मडके सोडले नाही, फक्त उलटे केले. त्याच ग्रंथात इड्डरिका आहे, जी उडदाच्या पिठाची आणि तांदळाविना होती. म्हणजे इडली ही एखाद्या धान्याची मक्तेदारी कधीच नव्हती.

बंगळूरशी मराठी माणसाचा संबंध १६३८ साली जडला. रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथल्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, जो इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९२२ साली प्रकाशात आणला. बंगळूरमधल्या रंगारी-शिंप्यांच्या भावसार घरांतून आजही मोडक्या-तोडक्या नव्हे, चांगल्या जुन्या वळणाची मराठी ऐकू येते. अशाच एका घरी, नव्वदीला टेकलेल्या आजींना मी दिवाळीत चिरोटे करताना पाहिले. रवा दुधात भिजवून पाट्यावर कुटता कुटता त्या म्हणाल्या, ‘गहू आपला सणाचा रे बाबा. रोजची ती मुद्दे.’ रागीचा मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, रोजचा आणि गहू सणाचा. जी विभागणी फुलर यांनी जळक्या दाण्यांवरून अनुमानिली ती आजींनी एका वाक्यात माझ्यासमोर ठेवली.

ती विभागणी मोडली ती दोन घटनांनी. पहिली गोऱ्या छावणीच्या सान्निध्यात घडली: पाव भाजण्याची कला हस्तगत करून एच. एस. तिरुमलाचार यांनी १८९८ साली चिक्कपेटेत बेंगलोर ब्रदर्स बेकरी सुरू केली, आणि अंड्याविना केक-पाव करणाऱ्या अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा तेथून वाढली. दुसरी घटना मला अधिक मोलाची वाटते. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, रंगूनचा तांदूळ बंद झाला, आणि ज्या मुलखात न्याहारी तांदळावर उभी होती तेथे उपाहारगृहांच्या चुलींची पंचाईत झाली. परमेश्वर मय्या आणि त्यांच्या बंधूंनी १९२४ साली स्थापिलेल्या, लालबागेजवळच्या मावळ्ळी टिफिन रूम्सची परंपरा सांगते की याच तुटीत त्यांनी इडलीच्या साच्यात रवा घातला. रवा तुपावर भाजायचा, त्यात मोहरी-काजूची फोडणी, दही, सोड्याची चिमूट, आणि मग वाफ. आंबवणे नाही, रात्रभर थांबणे नाही. आज तेथे बसून ती तांबूस ठिपक्यांची, काजू रुतलेली इडली बटाट्याच्या भाजीबरोबर खाताना मला नेहमी वाटते की चार हजार वर्षांपूर्वी तुंगभद्रेकाठी जो पाहुणा उकळत्या मडक्याशी येऊन उभा राहिला होता तो या साच्यात अखेर घरचा झाला.

आणि खपली? उत्पन्नाच्या हिशेबाने ती कधीच बेदखल व्हायला हवी होती. जगाच्या बहुतेक भागांतून ती नाहीशी झाली. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बागलकोट, धारवाड या पट्ट्यात मात्र राहिली. याचे श्रेय एका बाजूने तांबेरा या गव्हाच्या रोगाकडे जाते. आग्र्याचे के. सी. मेहता यांनी आयुष्य वेचून दाखविले की मैदानातल्या उन्हाळ्यात मरणारा तांबेरा थंड डोंगरांत तग धरून राहतो. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून काळ्या तांबेऱ्याची बीजे वाऱ्यावर उत्तरेकडे येतात आणि दक्षिणेचा गहू प्रथम त्यांच्या तोंडी सापडतो. खपली त्याला दाद देत नाही. अमेरिकेतील स्टॅकमन यांनी तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जे बारा गव्हांचे वाण कसोटीला लावले त्यांत आपली खपली तिच्या मराठी नावानिशी होती, आणि तिच्यातली प्रतिकारशक्ती ऑस्ट्रेलियात नव्या वाणांत उतरविण्यात आली. धारवाडच्या कृषिविश्वविद्यालयाने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तिचे बुटके, सुधारलेले वाण काढले आहेत. परंतु रोग न लागणे हे टिकून राहण्याचे अर्धेच कारण. ज्या गव्हाला उखळात सडल्यावाचून खाता येत नाही तो, सडण्याचे कष्ट घ्यावे असे त्याच्यापासून काही होत असेल तरच पेरला जातो. आमच्याकडे लग्नकार्यात खपलीची खीर होते. सीमेपलीकडे तिलाच हुग्गी म्हणतात, आणि सोलापूरकडे तर मराठीतही हुग्गीच. सडलेले गहू रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे, गूळ घालायचा, वर खसखस, सुके खोबरे, वेलदोडा. साध्या गव्हाची ही खीर चिकट होते. खपलीचा दाणा शिजूनही आपला आकार सोडत नाही. या एका गुणासाठी शेतकऱ्याने बांधालगतची दोन सरी जागा तिला पिढ्यान् पिढ्या दिली. येथेही मडकेच, येथेही उकळते पाणीच. गव्हाच्या आद्य रूपाला भट्टीच्या देशांनी टाकले आणि मडक्याच्या देशाने सांभाळले, याचा मला विलक्षण अभिमान वाटतो.

चिकोडीहून आलेल्या जुडीतल्या सात-आठ खपल्या मी न सोलता ठेवून दिल्या होत्या. रानटी गव्हाच्या एका टरफलातल्या दोन दाण्यांपैकी एक पहिल्या पावसाला उगवतो आणि दुसरा पुढल्या वर्षासाठी मातीत निजून राहतो. अवर्षणात वंश बुडू नये म्हणून ही तजवीज. गेल्या कार्तिकात गच्चीवरच्या कुंडीत मी त्या खपल्या पेरल्या. सहाव्या दिवशी पाहिले तर प्रत्येक ठिकाणी हिरव्या सुईसारखे दोन दोन कोंब शेजारी शेजारी वर आले होते. निजून कोणीच राहिले नव्हते. बंगळूरच्या थंडीत ताटे कमरेइतकी वाढली, माघात निसवली आणि फाल्गुनात पिवळी पडली. त्या आठवड्यात गच्चीवर वारा सुटला होता, वाळत घातलेली धोतरे उडून जात होती. मी रोज सकाळी कुंडीभोवतीची फरशी न्याहाळीत असे. एकही खपली गळलेली नसे. ओंब्या खडखडीत वाळल्या, माना झुकवून तशाच उभ्या राहिल्या, आणि शेवटी एका रविवारी भाजीची विळी घेऊन मी त्या कापल्या.